चिठ्ठी लिहिण्याचा हक्क कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कचेरीत एक मुलगी आपल्या आईला घेऊन आली. जय भीम करून बसली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडू लागली. दहावी, बारावी, बी.एस्सी. नर्सिंगच्या चारही वर्षांच्या गुणपत्रिका, महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि सर्वांत वर, वेगळ्या पाकिटात जपून ठेवलेली, ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची पदवी. खाली आणखी दोन कागद होते. एक नेमणुकीचे पत्र. पद ‘स्टाफ नर्स’, पगार अभ्यासक्रमाला जाण्यापूर्वी होता त्याहून हजार-बाराशे रुपयांनी जास्त. दुसरा कागद म्हणजे कारणे दाखवा नोटीस. रात्री तीन वाजता एका रुग्णाचा रक्तदाब कोसळत होता. ड्युटीवरचे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या रुग्णापाशी अडकले होते. त्यांनी फोनवर ‘सुरू करा’ म्हटले आणि या मुलीने रक्तदाब वर आणणारे औषध पंपावर लावले. रुग्ण वाचला. पुढे बिलावरून नातेवाइकांशी वाजले, तक्रार झाली आणि रुग्णालयाने आपली बाजू सावरण्यासाठी मुलीलाच विचारले की, डॉक्टरांच्या लेखी आदेशावाचून तुम्ही औषध सुरू केलेच कसे?

आई इतका वेळ गप्प होती. तीही एका दवाखान्यात बावीस वर्षे मावशी म्हणून राबते आहे. ती म्हणाली, “वकील साहेब, एवढी शिकली पोरगी. आता तुमीच सांगा, हे डॉक्टर आहे का नर्स?”

आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. वकिलीत इतकी वर्षे गेल्यावर असे क्वचित होते. पण या प्रश्नाचे उत्तर या देशाच्या कायद्यालाच अजून देता आलेले नाही, तर आम्ही कुठून देणार? तरीही तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. आमच्या वस्त्यांतल्या शेकडो मुली आज नर्सिंगला आहेत. त्यातल्या हुशार मुलींना ‘पुढे काय?’ असे विचारले की आता हे नवे नाव ऐकू येते. म्हणून ही नर्स प्रॅक्टिशनर काय चीज आहे, ती होण्यासाठी काय करावे लागते आणि झाल्यावर पदरात काय पडते, हे एकदा नीट मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

कल्पना अमेरिकेतली आहे. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. फोर्ड यांनी कोलोरॅडोच्या खेड्यापाड्यांत सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून काम केले होते. तिथे मुले होती, आजार होते, डॉक्टर नव्हते. परिचारिका मूल तपासतच होती, काय झाले आहे ते तिला कळतही होते, पण कळले असे म्हणण्याची तिला मुभा नव्हती. फोर्ड यांचे म्हणणे साधे होते. जे काम ती करतेच आहे त्याचे पद्धतशीर शिक्षण द्या आणि मग ते काम तिच्या नावावर मांडा. त्यांना डॉक्टरांनी विरोध केला आणि, हे मुद्दाम सांगतो, नर्सिंगच्या प्राध्यापकांनीही केला. घरातला विरोध बाहेरच्यापेक्षा कडवा असतो, हे चळवळीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. लॉरेटा फोर्ड जानेवारी २०२५ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी वारल्या, तेव्हा त्यांच्या देशात साडेतीन लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनर होत्या.

तिथली वाट अशी आहे. आधी नर्सिंगची पदवी आणि एनक्लेक्स नावाची परवाना परीक्षा देऊन नोंदणीकृत परिचारिका व्हायचे. मग मास्टर्स किंवा नर्सिंग प्रॅक्टिसमधील डॉक्टरेट. त्यात तीन विषय कोणालाच चुकत नाहीत : आजारात शरीरात नेमके काय बिघडते ते शास्त्र, औषधशास्त्र आणि रुग्णाची अंगतपासणी. त्यानंतर शाखा निवडायची. कोणी कुटुंबवैद्यक घेते, कोणी बालके, कोणी वृद्ध, कोणी नवजात, कोणी मानसिक आजार. २०२२ च्या मानकांप्रमाणे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास भरावे लागतात. मग राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा, मग राज्याचा परवाना, आणि दर पाच वर्षांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण. एवढे झाले की ती रुग्णाची हकीकत घेते, तपासते, रक्ताच्या व इतर चाचण्या सांगते, निदान करते, औषध लिहिते आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तर तज्ज्ञाकडे पाठवते. मात्र तिच्या मुक्ततेची रेषा राज्यागणिक बदलते. निम्म्याहून अधिक राज्यांत ती डॉक्टरशी करार न करता स्वतःच्या परवान्यावर काम करू शकते. बाकीच्या राज्यांत कमीअधिक देखरेखीचा दोर तिच्या कमरेला आहेच. कॅलिफोर्नियासारख्या पुढारलेल्या राज्यालासुद्धा हा दोर सैल करणारा कायदा करायला २०२० साल उजाडावे लागले.

आता आपल्याकडे या.

भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा अभ्यासक्रम आणला. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, नोंदणीकृत आणि किमान एक वर्ष रुग्णालयात, शक्यतो अतिदक्षता विभागात, काम केलेली परिचारिका त्याला बसू शकते. दोन वर्षे पूर्णवेळ, निवासी. वर्गात बसणे थोडे आणि बहुतेक वेळ आयसीयूत, खाटेजवळ. म्हणजे अमेरिकेतली ७५० तासांची अट आपली मुलगी काही महिन्यांत ओलांडते. याशिवाय २०१८ च्या डिसेंबरात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसूतिसेवेसाठी नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीची योजना जाहीर केली. त्याचे प्रशिक्षण अठरा महिन्यांचे आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तर नर्स प्रॅक्टिशनरचा स्वतंत्र संवर्ग उभा करावा असे स्पष्ट लिहिले आहे. कागद पाहिला तर सगळे आहे.

काम काय असते ते त्या मुलीने आम्हाला सांगितले आणि ते आम्ही तिच्याच पद्धतीने सांगतो, कारण नर्सिंग म्हणजे सलाईन लावणे अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतही आहे. रात्री आठला ड्युटी घेताना ती आधी प्रत्येक खाटेजवळ जाते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते का ते ऐकते. धमनीतले रक्त काढून त्यातला प्राणवायू आणि आम्लता पाहते आणि आकडे बिघडलेले दिसले तर मशीनची कोणती कळ किती फिरवायची याचा विचार करते. लघवी ताशी किती झाली, पोटॅशियम किती, कालच्या एक्स-रेत फुप्फुसाच्या तळाशी जो डाग होता तो आज वाढला का, शुद्धीवर आलेला म्हातारा नळी ओढेल काय, त्याचे हात बांधण्याऐवजी त्याच्याशी बोलून भागेल काय. हृदय थांबले तर छाती दाबायला पहिली तीच असते. नातेवाइकांना रात्री दोन वाजता बाहेर जाऊन खरे काय ते सांगायलाही तीच. अभ्यासक्रमात हे सगळे एका वहीत नोंदवून वरिष्ठांची सही घ्यावी लागते. तिने ती लॉगबुकची जाड वहीही आणली होती. आम्ही चाळली. इतकी सविस्तर नोंद पोलिसांच्या केस डायरीतही आम्हाला क्वचित दिसते.

मग अडचण कुठे आहे? पदवी परिषदेने दिली, पण औषध लिहिण्याचा अधिकार परिषदेच्या हातात नाही. १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांप्रमाणे अनुसूची ‘एच’मधली औषधे केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच मिळतात. त्या व्याख्येत परिचारिका बसत नाही, ती कितीही शिकलेली असो. म्हणून अभ्यासक्रम सांगतो की तिने रुग्णालयाच्या लेखी कार्यपद्धतीच्या चौकटीत औषधे व चाचण्या ठरवाव्यात. पण ती चौकट रुग्णालयाची, कायद्याची नाही. रुग्णालयाने उद्या हात वर केले, आणि या प्रकरणात ते वर केलेच, की मुलगी उघड्यावर. सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या १९९६ च्या निकालात म्हटले आहे की, ज्या पद्धतीचे शिक्षण व अधिकार नाही त्या पद्धतीचे औषध दिले की तेवढ्यानेच निष्काळजीपणा सिद्ध होतो. तो खटला होमिओपॅथीच्या डॉक्टराचा होता. पण नोटीस काढणाऱ्याच्या वकिलाने तोच निकाल आमच्या या मुलीपुढे धरला तर? शिक्षण आहे असे ती म्हणेल. अधिकार कुठे आहे, असे विचारले की गप्प बसावे लागेल.

कोणी म्हणेल, औषधाचा अधिकार डॉक्टरबाहेर देताच येत नाही. हे खरे नाही आणि सरकारला ते खरे नाही हे ठाऊक आहे. त्याच औषध नियमांत राज्य सरकारला काही व्यक्तींना या कामापुरते वैद्यकीय व्यावसायिक जाहीर करण्याची मुभा आहे, आणि १९९८ साली मुख्तियार चंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा वैध ठरवली. महाराष्ट्राने तिचा उपयोग आयुर्वेदाच्या पदवीधरांसाठी केला. २०१४ साली याच राज्याने कायद्यात दुरुस्ती करून एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना आधुनिक औषधे लिहिण्याचा मार्ग खुला केला. इंडियन मेडिकल असोसिएशन त्याविरुद्ध न्यायालयात गेली, तो वाद वेगळा. त्या डॉक्टरांशी आमचे भांडण नाही. आम्ही इतकेच विचारतो की, जिने चार वर्षे आधुनिक वैद्यकाच्याच रुग्णालयात शिक्षण घेतले, वर्षभर तिथेच नोकरी केली आणि वर दोन वर्षे आयसीयूत काढली, तिच्यासाठी मंत्रालयातली फाईल का हलत नाही?

याहून गंमत पुढेच आहे. त्याच नियमांच्या अनुसूची ‘के’मध्ये सरकारी आरोग्य कार्यक्रमाखाली उपकेंद्रातली परिचारिका, आरोग्यसेविका, बहुउद्देशीय कर्मचारी, इतकेच काय अंगणवाडी सेविकासुद्धा, औषधे देऊ शकतात अशी सूट आहे. म्हणजे गडचिरोलीच्या पाड्यावर आरोग्यसेविकेने गोळ्या दिल्या तर कायद्याला चालते. तिथे दुसरा कोणी जायला तयार नाही ना! शहरातल्या वातानुकूलित आयसीयूत मात्र पदव्युत्तर शिकलेल्या परिचारिकेने औषध ठरवले की वैद्यकाची पवित्रता धोक्यात येते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने कलम ३२ मध्ये ‘समुदाय आरोग्य प्रदाता’ म्हणून मर्यादित परवान्याचे दार किलकिले केले. तेही प्राथमिक व प्रतिबंधक सेवेपुरते. बाकी ठिकाणी देखरेखीखालीच. त्यावर ३१ जुलै २०१९ रोजी देशभरातील डॉक्टरांनी चोवीस तास काम बंद ठेवले. कोणत्या कारणासाठी इतकी एकजूट होते, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे.

आम्ही हा विषय या पानावर का घेतला, हे आता सांगायला हवे. रुग्णालय ही या समाजाची छोटी प्रतिकृती आहे. वर लिहिणारा हात. त्याखाली इंजेक्शन देणारा हात, त्याखाली कूस बदलणारा, बेडपॅन उचलणारा हात आणि सर्वांत खाली फरशीवरचे रक्त पुसणारा हात. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती इथे युनिफॉर्मच्या रंगात दिसते. या देशात परिचर्येचे काम दीर्घकाळ हलके मानले गेले, याचे कारण त्यात कष्ट जास्त आहेत हे नाही. त्यात परक्याच्या शरीराला, त्याच्या मलमूत्राला हात लागतो, हे आहे. विटाळ मानणाऱ्या घरांनी आपल्या लेकी या कामाला पाठवल्या नाहीत, म्हणून ख्रिस्ती मुली आल्या, म्हणून आमच्या आयाबहिणी आल्या. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात गेल्या आणि १० मार्चला त्याच साथीने गेल्या. ते पोर उचलायला तेव्हा दुसरे कोण पुढे आले होते?

नर्स प्रॅक्टिशनरची खरी भीती इथे आहे. ज्या हाताने पुसले, उचलले, त्याच हाताने निदान लिहायचे म्हणजे शिडीच्या दोन पायऱ्या एकाच माणसात आल्या. हे ज्यांना सोसत नाही ते रुग्णाच्या सुरक्षिततेची भाषा बोलतात.

तरी सुरक्षिततेचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो आमच्याच लोकांचा प्रश्न आहे. श्रीमंताला तज्ज्ञ डॉक्टर आणि झोपडपट्टीला अर्धा डॉक्टर, अशी वाटणी होणार असेल तर आम्ही पहिले विरोधात उभे राहू. म्हणून पुरावा पाहिला पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये मेरी मंडिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३१६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून काहींना नर्स प्रॅक्टिशनरकडे आणि काहींना डॉक्टरकडे पाठवले. हे रुग्ण बहुतांशी स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांच्या वस्तीतले, सरकारी विम्यावरचे गरीब लोक होते. सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्ही गटांच्या प्रकृतीत व समाधानात म्हणण्यासारखा फरक नव्हता. २००० साली हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्याच नियतकालिकात छापून आला. त्यातली एक गोष्ट लोक सांगायची विसरतात. त्या परिचारिकांना औषध लिहिण्याचा, रुग्ण तज्ज्ञाकडे पाठवण्याचा आणि भरती करण्याचा डॉक्टरांइतकाच अधिकार दिलेला होता. तो अभ्यास प्राथमिक उपचारांचा होता, आयसीयूचा नव्हता, हेही खरे. परंतु अधिकार काढून घेऊन नुसते नाव दिले तर तो निकाल आपल्याला लागू पडतो असे म्हणता येणार नाही. आपण नेमके तेच करत आहोत.

आणि जबाबदारी? ती मात्र न मागता मिळते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात कोविडच्या आयसीयूला आग लागली, दहाहून अधिक रुग्ण दगावले. काही दिवसांत अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. दोष कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आम्ही त्यात जात नाही. पण इमारतीची वीज, अग्निसुरक्षा, मंजुऱ्या यांवर सही करण्याचा अधिकार परिचारिकेला कोणत्या शासन निर्णयाने दिला होता, हे आम्हाला अजून कोणी दाखवलेले नाही. संकटाच्या वेळी ती व्यवस्थेची चेहरा असते, बैठकीच्या वेळी तिची खुर्ची नसते.

पगाराचे सांगावे तर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेत केंद्राला समिती नेमायला सांगितले. समितीने म्हटले की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी सरकारी परिचारिकेइतकाच पगार द्यावा. १०० हून अधिक खाटा असतील तर जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना २५ टक्के कमी आणि त्याखालच्या छोट्या रुग्णालयांनीही २० हजारांपेक्षा कमी देऊ नये. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे मालकांना चांगले कळते. शहरातल्या कोणत्याही नर्सिंग होममध्ये जाऊन सिस्टरला हळूच विचारा. स्टाफ नर्सची ही कथा, तर तिच्यावर दोन वर्षे जास्त शिकलेलीला वेगळी वेतनश्रेणी कोण देणार? सरकारी सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी बढतीची शिडी आहे. ती प्रशासनाकडे जाते. जितके वर चढाल तितके रुग्णापासून लांब, ड्युटी लावण्याच्या आणि साठा मोजण्याच्या रजिस्टरजवळ. खाटेजवळ राहूनच वर चढण्याची सोय म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर. त्यासाठी पद, वेतनश्रेणी आणि सेवाप्रवेश नियम लागतात. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी नवा आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे. नवे नियम बनतील तेव्हा परिचारिकांच्या संघटनांनी आणि अनुसूचित जाती-जमाती कर्मचारी संघटनांनी कलमवार मसुदा घेऊन जावे. मोर्चे आम्ही खूप काढले. मसुदा लिहून नेण्यात आम्ही कमी पडतो, ही आमची आमच्याच लोकांविषयीची तक्रार आहे.

मग आपल्या मुलींनी हा अभ्यासक्रम करावा की करू नये? आमचे मत आहे, करावा. ज्ञान मिळाले की ते कोणी जप्त करू शकत नाही. पण डोळे उघडे ठेवून करावा. प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेला परिचर्या परिषदेची या अभ्यासक्रमासाठी मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. महाविद्यालयाच्या भिंतीवरच्या फलकावर विसंबू नका. रुग्णालयाची लेखी कार्यपद्धती मागा, तिच्यावर कोणाची सही आहे ते पाहा. फोनवर आदेश मिळाला तर वेळ, नाव आणि शब्द त्याच क्षणी केसपेपरवर लिहा आणि डॉक्टर आले की सही घ्या. ‘नंतर करतो’ म्हणणाऱ्याची सही आम्ही आजवर फार कमी वेळा पाहिली आहे. नेमणूक पत्रात पदनाम ‘नर्स प्रॅक्टिशनर’ असेल तरच तो बदल झाला असे समजा.

पैशाची बाजू आमच्या घरांत पहिली येते. आधी बी.एस्सी. नर्सिंग व्हायला हवे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेपर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही म्हणून मूळ कागदपत्रे अडवून ठेवणारी महाविद्यालये आम्हाला दर जूनमध्ये भेटतात. वकिलाच्या एका पत्राने बहुतेक कपाटे उघडतात, म्हणून लाजू नका, या. परदेशाची वाट हवी असेल तर एनक्लेक्स भारतातही देता येते. पण तिथे पोहोचल्यावर आधी नोंदणीकृत परिचारिका म्हणूनच काम करावे लागते. नर्स प्रॅक्टिशनर व्हायला तिथले शिक्षण, तिथली प्रमाणन परीक्षा आणि तिथला परवाना. इथली पदवी दाखवून थेट ते पद मिळवून देतो असे सांगणारा एजंट भेटला तर त्याला आमचा पत्ता द्या.

त्या मुलीच्या नोटिशीला आम्ही सहा पानांचे उत्तर दिले. लॉगबुकची पाने जोडली, रुग्णालयाने स्वतःच मान्य केलेली लेखी कार्यपद्धती जोडली, त्या रात्री डॉक्टरांना केलेल्या फोनची वेळ लिहिली. ड्युटीवर एकच डॉक्टर दोन मजल्यांना का होता, असा उलट प्रश्न शेवटच्या परिच्छेदात घातला. पंधरा दिवसांनी नोटीस ‘दफ्तरी दाखल’ केल्याचे दोन ओळींचे पत्र आले. पदनाम बदलण्याच्या मागणीवर त्यात एक अक्षर नव्हते. त्यावर दुसरा अर्ज टाकला आहे, उत्तराची वाट पाहतो आहोत. मुलगी सध्या नाइटला आहे. आई सकाळची पाळी करते, त्यामुळे दोघींची भेट बहुतेक बसस्टॉपवरच होते.